सार्वजनिक धुलाई केंद्रात आपल्यानंतर येणाऱ्याचा विचार

सार्वजनिक धुलाई केंद्रात, म्हणजे लॉन्ड्रोमॅटमध्ये, कसे वागावे याविषयी बोलणे निघाले की ते बहुतेक वेळा वेळेभोवतीच फिरते. कोणाचा नंबर आधी होता, कोणी किती यंत्रे अडवून ठेवली, धुणे संपून गेल्यावरही कोण परत फिरकले नाही, अशा तक्रारी प्रत्येकाकडे असतात. त्या खऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण अशा ठिकाणी नेहमी कपडे धुणाऱ्या माणसाच्या नात्याने माझे मत असे झाले आहे की सौजन्याची खरी कसोटी ड्रमच्या आत लागते. रांगेत उभा असलेला माणूस आपल्याला दिसतो, विचारू शकतो, हरकत घेऊ शकतो. आपण निघून गेल्यावर त्याच ड्रममध्ये आपले कपडे टाकणारा माणूस मात्र आपल्याला कधीच भेटत नाही. आपण मागे काय ठेवून गेलो ते त्याला कपडे बाहेर काढल्यावरच कळते, आणि तेव्हा विचारायला समोर कोणी नसते.

एकत्र धुण्याच्या जागांचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. 1832 मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा किटी विल्किन्सन या कष्टकरी स्त्रीने आपल्या घरातील पाणी तापवण्याचा बंब शेजाऱ्यांसाठी खुला केला आणि रोग्यांचे कपडे व अंथरुणे क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरून निर्जंतुक करण्याची सोय केली. त्या कामाचा पुढे पाठपुरावा होऊन 1842 मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईगृह सुरू झाले. विजेची यंत्रे भाड्याने वापरू देणारी जागा अमेरिकेतील फोर्ट वर्थ येथे 1934 मध्ये निघाली आणि लंडनमध्ये तशी सोय 1949 मध्ये आली. यंत्रे बदलली, पण ज्या भांड्यात एकाचे कपडे धुतले जातात त्यातच दुसऱ्याचेही धुतले जाणार, ही अट बदललेली नाही. विल्किन्सनबाईंच्या काळात हा जीवनमरणाचा प्रश्न होता. आज तो बहुतेक वेळा डागांचा, खाजेचा आणि मनस्तापाचा असतो, इतकाच फरक.

सुरुवात डिटर्जंटपासून करावी लागते, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याविषयी आहेत. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ कपडे, ही समजूत समोरून दार असलेल्या यंत्रात पूर्णपणे चुकीची ठरते. ही यंत्रे फार कमी पाणी वापरतात आणि कपडे वर उचलून खाली आपटण्यावर त्यांची सारी धुलाई अवलंबून असते. फेस वाढला की तो कपड्यांच्या मध्ये गादीसारखा बसतो, आपटणे आणि घासणे दोन्ही मंदावते आणि मळ तसाच राहतो. काही यंत्रे फेस जास्त झाल्याचे ओळखून विसळण्याची एखादी फेरी वाढवतात, म्हणजे आपल्यामुळे मागच्याची प्रतीक्षाही लांबते. उरलेले डिटर्जंट ड्रमच्या छिद्रांत, रबरी कड्याच्या घडीत आणि पावडरच्या कप्प्यात चिकटून राहते व पुढच्या धुण्यात उतरते. ज्याची त्वचा नाजूक आहे, ज्याच्या घरात तान्हे मूल आहे किंवा ज्याला विशिष्ट रसायनाची ॲलर्जी आहे, तो मुद्दाम निवडून सौम्य, बिनवासाचे डिटर्जंट आणतो आणि तरीही दुसऱ्याचे तीव्र रसायन अंगावर घेऊन घरी जातो. त्यामुळे पाकिटावर दिलेले माप पाहूनच डिटर्जंट घालावे, कमी फेस करणारे निवडावे आणि कपडे फारसे मळलेले नसतील तर त्या मापातूनही थोडे कमी करावे. कप्प्यात ओली पावडर गोळा होऊन राहिली असेल तर निघताना ती पुसून काढायला मिनिटभरही लागत नाही.

सुवासाबद्दल मला थोडे आग्रहाने बोलावेसे वाटते. सुगंधी दाणे, वासाचे सॉफ्टनर आणि ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेने कपडे सुकवणाऱ्या यंत्रात, टाकायच्या सुवासिक पट्ट्या यांचा वास आपले कपडे निघून गेल्यावरही ड्रममध्ये मागे राहतो. दम्याच्या किंवा अर्धशिशीच्या रुग्णाला हा त्रास किती होतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ही तक्रार चोखंदळपणाची वाटणार नाही. घरच्या यंत्रात कोणी काय घालावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण सर्वांच्या यंत्रात ही द्रव्ये टाळलेली बरी, किंवा निदान हात आखडता ठेवून वापरावीत.

ब्लीच आणि रंग यांच्या बाबतीत तर संयमाने भागत नाही, तेथे जबाबदारी घ्यावी लागते. ब्लीच वापरलेल्या यंत्रात त्याचा अंश राहिला आणि पुढच्या माणसाने गडद रंगाचे कपडे टाकले, तर त्यांवर उमटलेले फिकट डाग पुन्हा कधीही जात नाहीत. दुसरा धोका याहून गंभीर आहे. कपड्यांचा कुबट वास जावा म्हणून अनेक जण धुण्यात व्हिनेगर घालतात, आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. म्हणूनच ब्लीच वापरल्यानंतर रिकाम्या यंत्रात विसळण्याची एक फेरी चालवणे हे मी वापरणाऱ्याचे कर्तव्यच मानतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले तरी. कापड रंगवण्याचे काम सार्वजनिक यंत्रात करूच नये, कारण रंगाचे कण रबरात आणि सांध्यांत मुरतात व एका फेरीत निघत नाहीत. नव्या, रंग सोडणाऱ्या कपड्यांची पहिली धुलाई घरी बादलीत करावी आणि पाणी स्वच्छ येऊ लागल्यावरच ते यंत्राकडे न्यावेत.

खिसे तपासणे ही सवय आपण स्वतःच्या फायद्यासाठी लावून घेतलेली असते, पण तिचा लाभ दुसऱ्यालाही होतो. खिशात राहिलेला टिश्यू पेपर विरघळून त्याचा पांढरा लगदा पुढच्या दोन धुण्यांवर चिकटतो. केसांच्या पिना आणि सेफ्टी पिना रबरी कडे फाडतात, मग यंत्र गळू लागते आणि दुरुस्ती होईपर्यंत सर्वांसाठी बंद राहते. सर्वांत वाईट म्हणजे ड्रायरमध्ये गेलेले बॉलपेन किंवा लिपस्टिक. उष्णतेने शाई आणि मेण वितळून ड्रमच्या भिंतीला लागतात व त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कपड्यावर रेघा उठवतात. असे काही घडलेच तर गुपचूप निघून न जाता ड्रम पुसून घ्यावा, आणि डाग निघत नसेल तर त्या यंत्रावर ठळक अक्षरांत सूचना लावून देखरेख करणाऱ्या व्यक्तीला सांगावे. याच कारणासाठी, कपडे टाकण्यापूर्वी ओलसर पांढऱ्या रुमालाने ड्रम आतून एकदा पुसून पाहण्याची सवय मी सर्वांना सुचवतो. पाळीव प्राणी असणाऱ्यांनी कपडे आणि पांघरुणे घरीच झटकून किंवा ब्रशने केस काढून आणावीत. ओले केस ड्रमला असे चिकटतात की ते हातानेच वेचावे लागतात.

आता थोड्या नाजूक विषयाकडे वळतो. आजारी माणसाचे कपडे, उलटीने किंवा विष्ठेने मळलेली अंथरुणे, लहान मुलांची दुपटी या सगळ्यांना धुलाईची गरज इतरांपेक्षा जास्तच असते, आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी ती सार्वजनिक ठिकाणी आणू नयेत असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अशा जागा मुळात त्यासाठीच निर्माण झाल्या. अपेक्षा एवढीच की घनरूप घाण घरी विसळून काढलेली असावी, कपडे बंद पिशवीतून यावेत, ते घडीच्या टेबलावर न ठेवता थेट यंत्रात जावेत आणि कापडाला सोसेल तितके गरम पाणी निवडावे. धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मरतात. त्याहून थंड पाण्यात त्यांचा बराचसा भाग केवळ धुऊन जातो, पण सगळेच मरतात असे नाही. धुणे झाल्यावर दाराचे रबरी कडे कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण त्या घडीत नेहमीच थोडे पाणी आणि मळ साचून राहतो.

ढेकणांचाही उल्लेख करायलाच हवा, कारण संकोचामुळे लोक तो टाळतात आणि त्यातूनच नुकसान होते. घरात ढेकूण झाले असतील तर कपडे घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून न्यावेत, पिशवी यंत्राच्या तोंडाशीच उघडावी आणि ती रिकामी पिशवी लगेच गाठ मारून टाकून द्यावी. पुष्कळांना ठाऊक नसते की येथे पाण्यापेक्षा उष्णता जास्त कामाची आहे. कोरडे कपडे पूर्ण उष्णतेवर ड्रायरमध्ये किमान अर्धा तास फिरवले की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही नष्ट होतात. त्यानंतर ते कपडे जुन्या टोपलीत नव्हे, स्वच्छ पिशवीत भरावेत. ढेकूण होणे ही लाजेची गोष्ट नाही. पण दहा कुटुंबे जेथे आपले कपडे पसरतात त्या टेबलावर अशी पिशवी उपडी करणे मात्र अक्षम्य आहे.

ड्रायरकडे आपण केवळ सोय म्हणून पाहतो, वास्तविक संपूर्ण केंद्रात सर्वांत जास्त सावधगिरीची गरज त्यालाच असते. प्रत्येक फेरीत कपड्यांतून सुटलेला तंतूंचा भुगा, ज्याला लिंट म्हणतात, जाळीवर जमतो. जाळी भरली की हवा अडते, कपडे सुकायला जास्त वेळ आणि जास्त पैसे लागतात आणि आतील उष्णता वाढत जाते. हा भुगा अत्यंत ज्वालाग्राही असतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळातील आगींचा अभ्यास केला, तेव्हा तेथील घरांत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे 2,900 आगी लागत असल्याचे दिसले आणि त्यांमागचे सर्वांत मोठे कारण यंत्राची सफाई न करणे हे होते. सार्वजनिक ड्रायर तर दिवसभर चालू असतात. ज्या केंद्रात जाळी ग्राहकांच्या हाताला येते तेथे ती सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर अशी दोन्ही वेळा साफ करावी. पहिली सफाई आपल्यासाठी, दुसरी पुढच्यासाठी. सॉफ्टनरच्या पट्ट्या वापरल्याने जाळीवर न दिसणारा मेणचट थर बसतो, हेही ध्यानात असू द्यावे. जाळीवर पाणी ओतले आणि ते आरपार न जाता वर साचून राहिले, तर तो थर आला आहे असे समजावे आणि जाळी साबणाने धुण्याविषयी तेथील माणसाला सांगावे.

तेलाचा धोका मात्र जाळी साफ करून टळत नाही. स्वयंपाकाचे, मालिशचे किंवा लाकडाला लावायचे तेल मुरलेले पंचे व फडकी एका धुण्यात पूर्ण स्वच्छ होत नाहीत. कापडात उरलेल्या तेलाचा हवेशी संयोग होत असताना उष्णता निर्माण होते आणि ड्रायरच्या तापाने ही क्रिया वेग घेते. असे कपडे गरम असतानाच काढून त्यांचा ढीग रचला, तर आत कोंडलेल्या उष्णतेने ते आपोआप पेटू शकतात, कधीकधी फेरी संपून काही तास उलटल्यावर. पेट्रोल किंवा थिनर सांडलेले कपडे तर कोणत्याच यंत्रात घालू नयेत. रबरी अस्तराची पायपुसणी आणि फोमच्या उशा ड्रायरमध्ये टाकायच्या नसतात, हे बहुतेक यंत्रांवर लिहिलेले असते, फक्त ते कोणी वाचत नाही. जलरोधक गादीची खोळ किंवा रेनकोट धुण्याच्या यंत्रात घातला, तर पिळताना त्याच्या पोटात पाणी अडकते, ड्रमचा तोल जातो आणि यंत्र जागेवरून हलेल इतके थरथरते. त्या वेळी शेजारी कोणाचे मूल उभे असू शकते.

आता वेळेचा प्रश्न. दुसऱ्याचे धुणे संपले आहे, माणूस जागेवर नाही आणि एकही यंत्र रिकामे नाही, तर काय करावे? माझे उत्तर असे की आधी थांबावे, साधारण दहा मिनिटे, आणि त्या वेळात आसपासच्या लोकांना आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीला विचारावे. कोणी खरोखरच अडचणीत असू शकते, कोणाला घड्याळाचा अंदाज चुकलेला असू शकतो. दहा मिनिटांनंतर मात्र ते कपडे बाहेर काढण्यात काही गैर नाही, आणि परत आलेल्या माणसानेही त्याचा राग मानू नये. यंत्र हे धुण्यासाठी असते, कपडे साठवण्यासाठी नव्हे. काढण्याची रीत तेवढी सभ्य असावी. हात स्वच्छ असावेत, कपडे स्वच्छ गाडीत किंवा पुसलेल्या टेबलावर एकत्र ठेवावेत, जमिनीवर काहीही पडू देऊ नये आणि आत एखादा मोजा मागे राहिला नाही ना ते पाहावे. कपडे न्याहाळू नयेत, त्यांच्या घड्या घालू नयेत. मदतीच्या भावनेने घातलेली घडीसुद्धा परक्याच्या अंतर्वस्त्रांना लावलेला अनावश्यक हात ठरते. तसेच दुसऱ्याचे ओले कपडे आपल्या मनाने ड्रायरमध्ये टाकू नयेत, कारण त्यांत लोकरीचा एखादा स्वेटर असला तर तो आटून कायमचा निकामी होईल आणि उपकाराचे रूपांतर नुकसानीत होईल. चालू यंत्र कोणत्याही कारणाने थांबवू नये, आणि दुसऱ्याच्या ड्रायरचे दार कपडे वाळले का हे पाहण्यासाठी उघडू नये.

हा प्रसंग मुळात येऊच नये म्हणून यंत्रावर दाखवलेल्या वेळेचा गजर मोबाइलवर लावावा आणि फेरी संपण्याच्या दोनचार मिनिटे आधी परतावे. फेरी संपल्यावरही दार लगेच उघडत नाही, कुलूप सुटायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. त्या काळात दार हिसकणाऱ्यांमुळे किती यंत्रांची कुलपे मोडतात हे दुरुस्ती करणारेच सांगू शकतील. किती यंत्रे घ्यावीत याचे ठाम उत्तर देता येत नाही. गर्दी नसेल तर पाच घ्यावीत, पण मागे माणसे ताटकळत असतील तेव्हा दोनांवर थांबावे. एखादा माणूस केवळ एका लहान खेपेसाठी आला असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावे. कापडाची पिशवी ठेवून रिकामे यंत्र राखून ठेवणे मला मुळीच पटत नाही. मोठ्या ड्रमचे यंत्र रजया आणि जाड पांघरुणांसाठी सोडावे, चार टी-शर्टसाठी ते अडवू नये.

चाकांच्या गाड्या कपडे नेण्यासाठी असतात, त्यात मुले बसवू नयेत आणि त्या आपल्या खुर्चीपाशी अडवून ठेवू नयेत. फोनवर स्पीकर लावून बोलणे, व्हिडिओचा आवाज खोलीभर सोडणे हे यंत्रांच्या घरघरीत खपून जाते असे बोलणाऱ्याला वाटते, ऐकणाऱ्याला वाटत नाही. अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलावेत, पण तो पुस्तकात किंवा स्वतःच्या विचारांत असेल तर त्याला तसेच राहू द्यावे. धुण्याचा तो पाऊण तास अनेकांसाठी दिवसातला एकमेव निवांत वेळ असतो.

निघताना समोरून उघडणाऱ्या यंत्राचे दार किंचित उघडे ठेवावे. आतली ओल सुकते, बुरशी धरत नाही आणि यंत्र रिकामे असल्याचे लांबूनच कळते. यंत्र पाणी सोडत नसेल, पैसे घेऊन सुरू होत नसेल किंवा गरम होत नसेल, तर आपण दुसऱ्या यंत्राकडे वळण्यापूर्वी त्यावर एक चिठ्ठी लावावी. नुसते ‘बंद आहे’ असे न लिहिता नेमका बिघाड, तारीख आणि वेळ लिहावी, आणि केंद्रात फोन क्रमांक लावलेला असेल तर त्यावर कळवावे. दुरुस्तीला येणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही आणि पुढच्या माणसाचे पैसे व कपडे त्या यंत्रात अडकत नाहीत.